बेल्टमागची दोन बोटं

माझ्या वडिलांचं जिमबद्दलचं मत फार वाईट होतं. "एवढं वजन उचलून नेतोस कुठे?" असं ते मला विचारायचे. कुठेच नाही, उचलायचं आणि परत तिथेच ठेवायचं, असं मी सांगितलं की आईकडे वळून म्हणायचे, "ऐकलंस? मग उचलतो कशाला?" ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभी नोकरी खांबावर चढण्या-उतरण्यात गेली. खांद्यावर शिडी, कमरेला पट्टा, हातात तारेचं भेंडोळं. रोज काही ना काही ओझं कुठून तरी कुठे तरी नेणाऱ्या माणसाला आरशासमोर डंबेल्स उचलणारा मुलगा म्हणजे थट्टेचाच विषय. मला राग यायचा. मला तसाही राग लवकर येतो, आणि थट्टेत तथ्य असलं की जरा जास्तच.

ही दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. आम्ही गिरगाव सोडून भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या बाजूला राहायला आलो त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाडीकडून येणारा वारा लोखंड खायचा. खिडकीचे गज, खाली उभ्या केलेल्या सायकली, जिन्याचा कठडा, सगळ्यांना गंज. कठड्याला सोसायटी रंग लावायची आणि वर्षाच्या आत त्याचे पापुद्रे सुटून खालची लाल भुकटी हाताला लागायची. पाहुणे आले की आई वरूनच ओरडायची, "कठड्याला हात लावू नका हो, कपडे खराब होतील!" आमच्या घरात शिरण्याआधी माणसाच्या कानावर पडणारं हे पहिलं वाक्य.

माझी जिम जवळच एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात होती. शेजारच्या गाळ्यांत स्टीलच्या ताटल्या-वाट्यांना पॉलिश व्हायचं. आम्ही सकाळी घामाघूम होऊन बाहेर यायचो तेव्हा तिथले कामगार काळ्या तोंडाने चहा पीत उभे असायचे आणि आमच्याकडे बघून हसायचे. त्यांचंही मत माझ्या वडिलांसारखंच असावं.

आमचा ट्रेनर जवळच्या मुर्धा गावचा. वयाने आमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा, म्हणून सगळे दादा म्हणायचे. त्याच्या घरच्यांनी मिठागरात काम केलेलं, आणि तरुणपणी त्यानेही मिठाच्या टोपल्या वाहिल्या होत्या. बाकीची पोरं मशीनवर बसून दंड फुगवत असताना त्याने आम्हा पाच-सहा जुन्या लोकांना वेगळं काढलं. 'फंक्शनल' हा शब्द त्याला सायबर कॅफेत कुठल्याशा परदेशी साइटवर सापडला होता. तो वाचून त्याला बहुतेक असं वाटलं असावं की हे तर आपण मिठागरात करतच होतो. मग आमची अ‍ॅडव्हान्स बॅच सुरू झाली. दोन हातांत वीस-वीस लिटरचे भरलेले कॅन घेऊन गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. वाळूचं पोतं मिठी मारून जमिनीवरून उचलायचं, एका खांद्यावर घ्यायचं, मग दुसऱ्या. ट्रकचा टायर उलटा करत न्यायचा. उत्तनहून आणलेल्या होडीच्या दोरावर चढायचं. हे सगळं एका दमात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी यायची.

प्रत्येक फेरीच्या शेवटी एक प्रकार असायचा, त्याला दादा नुसतं 'उठणं' म्हणायचा. उताणं झोपायचं, एका हातात लोखंडी गोळा सरळ छताकडे धरायचा, आणि तो हात न वाकवता उभं राहायचं. आधी कोपर टेकवायचं, मग तळहात, मग कंबर उचलून एक गुडघा मागे, मग पाऊल, आणि मग उभं. एक पायरी चुकली की गोळा डोक्यात. "बाकीचा सगळा इसरलास तरी चालंल," दादा म्हणायचा, "पन मानसाला उठता आला पायजे."

आणि जिममधला एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बेंचवर पडलेल्या माणसाचे हात थरथरायला लागले, बार छातीजवळ अडकला, की डोक्यामागे उभा असलेला जोडीदार बारखाली दोन बोटं घालतो आणि ओरडतो, "तुझंच आहे! हात लावला नाही! तुझंच आहे!" जोडीदार हिंदीवाला असला तर "तेरा है, अकेला है". हे साफ खोटं असतं. त्या दोन बोटांनी त्याने चांगलं पाच-सात किलो वजन काढून घेतलेलं असतं. खालच्याला ते कळत नाही, कारण त्या क्षणी त्याला काहीच कळत नसतं. त्याला वाटतं आपल्यात जोर आला, आणि खरंच थोडा येतो. मात्र दहा वेळा उचलण्याचा तो सेट संपून बार जागेवर ठेवला आणि माणूस उठून बसला, की जोडीदाराने खरं सांगायचं: "आठ तुझे, शेवटचे दोन माझे." दादा याबाबतीत फार कडक होता. हा हिशेब न सांगता कुणी पाणी प्यायला निघाला तर त्याला तो हाक मारून परत आणायचा.

त्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं वाचलं, थोडं जड झालं एवढंच. डाव्या अंगाला स्पर्श मात्र जवळजवळ कळेनासा झाला. चिमटा काढला तरी ते विचारायचे, "काढलास का?" दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तळमजल्यावरच्या गुजराती काकांनी आणि मी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले वर आणलं.  खांबावर चढणारा माणूस खुर्चीत बसून वर जात होता, आणि जिन्यातल्या प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी दार उघडून बघत होतं.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीवाल्या मॅडम यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पहिले सहा महिने महत्त्वाचे, जे काय परत यायचं ते मुख्यतः या काळात येईल. वडिलांनी ते ऐकलं आणि त्यांच्यासमोरच आपली मागणी मांडली. "मला शिडीवर चढायचं नाही. संडासापर्यंत एकट्याला जाता आलं पाहिजे. बस." पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं होती, ती त्यांनी आईला चालायला लावून मोजून घेतली. आईने त्यांना भांडं द्यायचं आणि मी ते धुवायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं. आम्ही दोघं कितीही सहज करत असलो तरी ते तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचे.

मग मी ठरवलं की हे काम माझं. चार वर्षं मी जे शिकलो त्याचा एकदाचा उपयोग होणार होता. मी त्यांना दादाचं 'उठणं' शिकवलं, अर्थात गोळ्याशिवाय. कोपर, तळहात, कंबर, मग पाय खाली, मग उभं. महिनाभरात ते पलंगाच्या कडेवरून उभे राहायला लागले. मॅडमसुद्धा म्हणाल्या, "हे कुठे शिकलात?" चालवताना धरायला काहीतरी हवं म्हणून मी जिमचा माझा चामड्याचा रुंद बेल्ट त्यांच्या कमरेला बांधला. त्यावर त्यांनी उजवा हात फिरवला आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले. "हा तर आमचा पट्टा," ते म्हणाले.

त्या सकाळी ते बराच वेळ खांबांविषयी बोलत होते. वर चढलेला माणूस खाली बघत नाही. बघितलं तर तोल जातो. तो नुसतं विचारतो, "धरली?" आणि खाली शिडी धरून उभा असलेला म्हणतो, "धरली." तेवढ्या एका शब्दावर वरचा आपला भार टाकतो. मी हूं हूं करत ऐकत होतो. ऑफिसला उशीर होत होता आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या डाव्या गुडघ्यावर होतं.

मी डावीकडून, जरा मागे उभा राहायचो आणि बेल्टमध्ये बोटं घालायचो. त्या सकाळी पहिलं पाऊल उचलण्याआधी त्यांनी विचारलं, "धरलंयस?"

मी म्हणालो, "नाही. हात नाही लावला. तुमचंच आहे, बाबा, तुमचंच आहे."

कसं तोंडातून गेलं कळलं नाही. चार वर्षं ओरडून ओरडून जिभेला वळण पडलं होतं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. ते चार पावलं चालले. माझ्या हाताच्या शिरा तटतटल्या होत्या, मनगट वाकडं झालं होतं, पण डाव्या बाजूला त्यांना काही कळतच नव्हतं. पलंगावर बसल्यावर ते धापा टाकत आईला म्हणाले, "बघितलंस? एकटा." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला माझा हात दिसला असणार. तिने पदराने डोळे पुसले आणि आत गेली.

तेव्हा सांगायला हवं होतं. "दोन पावलं तुमची, दोन माझी," एवढं वाक्य. मी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते सहा पावलं चालले आणि त्यानंतर तर सांगणं अवघडच झालं. शिवाय खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. एकदा बेल्ट सोडवत असताना ते म्हणाले, "तुझ्या त्या जिमचा उपयोग झाला म्हणायचा." त्यांनी मला एवढ्या वर्षांत दिलेली ही पहिली शाबासकी होती, आणि ती परत करायची माझी तयारी नव्हती.

दिवाळीनंतर अकरा पावलं पूर्ण झाली. त्यांनी फोनजवळच्या खुर्चीत बसून अलिबागच्या आत्याला फोन लावायला सांगितला. "अकरा," ते ओरडून म्हणाले, "कुणाचा हात नाही, काठी नाही. विचार पोराला." आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. आत्या रडत होती. मी म्हणालो, "हो आत्या, एकटे चालले."

त्या दिवशी जिममध्ये मी दोरावर सगळ्यांत आधी वर पोचलो.

पंधरा दिवसांनी, एका दुपारी, आई गिरणीवर दळण आणायला गेली होती. मी ऑफिसमधून रोज चार वाजता घरी फोन करायचो. बाबा कसे आहेत, काही आणायचं का, एवढंच. फोन आईच घ्यायची. त्या दिवशी रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. मी पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. मला काळजीपेक्षा वैताग जास्त आला होता, हे मला स्पष्ट आठवतं. म्हणून मी तिसऱ्यांदा लावला.

फोन बैठकीच्या खोलीत होता. आयुष्यभर लोकांचे फोन चालू करून देणारा माणूस वाजणारा फोन सोडून देईल कसा? पलंगापासून तो सात पावलांवर होता आणि ते तर अकरा पावलं चालत होते. कोपर, तळहात, कंबर, पाय खाली, उभं. तिथपर्यंत त्यांनी सगळं बरोबर केलं, कारण तेवढं खरंच त्यांचं होतं. पहिल्या पावलाला डावा पाय दुमडला आणि ते टीपॉयच्या कोपऱ्यावर पडले. आई आली तेव्हा ते जमिनीवर होते, चेहरा रक्ताने भरलेला. फोन तेव्हाही वाजत होता, असं तिने मला सांगितलं. तो मीच वाजवत होतो.

भुवईवर सहा टाके पडले. डावा गुडघा सुजून टम्म झाला. हाड कुठलंच मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब. दवाखान्यात त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तू धरत होतास का रे?"

"शेवटी शेवटी थोडंसं," मी म्हणालो. म्हणजे तिथेही मी खोटंच बोललो.

घरी आणल्यावर त्यांनी उभं राहणं बंद केलं. मॅडम आल्या की पडल्या पडल्या सांगतील तेवढे हातपाय हलवायचे. "चला, उठू या," म्हटलं की भिंतीकडे बघायचे. मी बेल्ट हातात घेतला तर म्हणाले, "तो घेऊन जा तुझ्या जिममध्ये." आईकडे भांडं मागायचे, डोळे मिटायचे. चौथा महिना गेला. मॅडम मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "वेळ चाललाय हो." जसं काही मला ते माहीत नव्हतं.

मी जिमला जायचो, कारण घरात बसवत नव्हतं. एका सकाळी मी अंगात आल्यासारख्या चार फेऱ्या केल्या. कॅन, पोतं, टायर, दोर. मला काहीतरी मोडायचं होतं, आणि तिथे माझ्याशिवाय मोडण्याजोगं काही नव्हतं. चौथ्या 'उठण्याला' गुडघ्यावर असतानाच हात वाकला आणि गोळा कानाजवळून जमिनीवर आदळला. फरशीचा टवका उडाला. दादाने सगळ्यांना बाहेर काढलं, मला बाकावर बसवलं आणि विचारलं, "काय झालाय तुला?"

मी सगळं सांगितलं. बेल्ट, अकरा पावलं, आत्याचा फोन, माझा फोन.  माझं संपल्यावर तो म्हणाला, "आनि खाली ठेवल्यावर सांगितलास का त्यांना? किती त्यांचा, किती तुजा?"

"नाही."

"एकदा पन न्हाय?"

"नाही."

तो गोळा उचलून जागेवर ठेवून आला. "मग तुजा सेट संपला न्हाय अजून," तो म्हणाला. "घरी जा."

मी घामेजल्या कपड्यांनीच घरी आलो आणि त्यांच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसलो. म्हटलं, पहिल्या दिवसापासून धरत होतो. रोज. अकराच्या अकरा पावलं. निम्मा भार माझ्या हातावर असायचा, कधी निम्म्याहून जास्त. आत्यालाही खोटं सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत होते. टाक्यांची जागा अजून लालच होती. ते म्हणाले, "आमच्यात शिडी धरणारा खोटं बोलला तर माणूस मरतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला झेपला असता. मग त्यांनी आईला हाक मारून रेडिओ लावायला सांगितला, आणि मी अंघोळीला गेलो.

त्यानंतर आठवड्याभराने त्यांना तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. जाताना काका होते, खुर्चीतून उतरवलं. परत आलो तेव्हा काकांच्या घराला कुलूप. आई म्हणाली, थांबू या. वडील रिक्षात बसून कंटाळले होते, त्यांना लघवीला लागली होती आणि ते सांगायला त्यांना लाज वाटत होती. मी रिक्षाकडे पाठ करून खाली वाकलो आणि म्हणालो, "बसा."

साठ किलोच्या आतबाहेर वजन. जिममध्ये मी याहून जड पोतं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचो. पण पोतं मानेवर श्वास सोडत नाही. पोत्याचा डावा पाय जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपटत नाही. मी त्यांच्या मांड्यांखाली हात घालून कंबरेतून वाकून चढत होतो, मागे आई त्यांच्या चपला आणि फाइल घेऊन. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे पाय थरथरायला लागले. मांड्यांत आग, छाती भात्यासारखी. मी भिंतीला खांदा टेकवून थांबलो. खाली ठेवलं असतं तर त्यांना परत उचलता येणार नव्हतं, हे मला कळत होतं, आणि ते त्यांनाही कळलं असावं. चार वर्षं सकाळी सहाला उठून मी जे काही कमावलं होतं ते तिथे, दोन मजल्यांतच, संपलं होतं.

तेव्हा माझ्या कानाशी त्यांचा जड आवाज आला. "तुझंच आहे," ते म्हणाले. "चल. तुझंच आहे."

मी पुढची पायरी चढलो. मग तिच्यापुढची. आणि नवल म्हणजे वजन हलकं झालं. पाय चालायला लागले. मला वाटलं, आला, दम आला. दादा नेहमी म्हणायचा की शेवटी माणसाच्या आतून काहीतरी येतं, ते हेच. मनातल्या मनात मला चक्क अभिमान वाटायला लागला. "तुझंच आहे, तुझंच," ते म्हणत राहिले आणि मी तिसऱ्या मजल्यावर पोचलो. आईने कुलूप काढलं. मी त्यांना सरळ संडासात नेलं, मग आणून पलंगावर बसवलं आणि स्वतः फरशीवर आडवा झालो.

पाणी प्यायला उठलो तेव्हा पांढऱ्या चादरीवर लाल डाग दिसला. मला वाटलं, कुठे लागलं की काय. मी त्यांचा उजवा हात बघायला गेलो तर त्यांनी मूठ वळली. मी बोटं उलगडली. तळहात, बोटांची पेरं, सगळं गंजाने माखलेलं. रंगाचे पापुद्रे चिकटलेले. अंगठ्याखाली कातडी सोलून निघाली होती. दुसऱ्या मजल्यापासून वर, प्रत्येक पायरीला, त्यांनी तो एक चांगला हात पुढे टाकून कठडा धरला होता आणि स्वतःला ओढलं होतं.

"बाबा, हात लावला होतात?"

"मी कुठे?" ते म्हणाले. "सगळं तुझंच होतं."

मी रडलो. सत्तावीस वर्षांचा घोडा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून, आईच्या देखत. मला वाटत होतं की मीच त्यांना धरत आलो. त्यांनी मला रडू दिलं. मग आई वाटीत पाणी आणि खोबरेल तेल घेऊन आली आणि त्यांचा हात धुवायला लागली. तिने जिन्यात सगळं बघितलं होतं. मागेच तर होती. हात धुता धुता ती एवढंच म्हणाली, "कठड्याला हात लावू नका म्हणून घसा कोरडा करते मी."

ते एकटे कधीच चालले नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. सहा महिने उलटले. डाव्या पायात जेवढं परत यायचं होतं तेवढं आलं, आणि ते अकरा पावलांना पुरलं नाही. ते गेले तोवर कुणी ना कुणी बरोबर असायचंच, बहुतेक वेळा मी. मी वेळेवर खरं बोललो असतो, ते मधले दिवस वाया गेले नसते, तर काय झालं असतं, हे मी मॅडमना कधी विचारलं नाही. अजूनही विचारावंसं वाटत नाही.

पण त्या जिन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसची तयारी करत होतो तेव्हा त्यांनी हाक मारली. "तो पट्टा आण."

मी बेल्ट बांधला. कोपर, तळहात, कंबर, पाय खाली. ते उभे राहिले. मी डावीकडून, जरा मागे, बेल्टमध्ये बोटं घातली.

"धरलंयस?"

"धरलंय."

"किती?"

मी क्षणभर हाताचा अंदाज घेतला. "निम्मं."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे निम्मं माझं," ते म्हणाले आणि उजवा पाय पुढे टाकला.

त्या दिवशी आम्ही चारच पावलं चाललो. पलंगावर बसल्यावर मी त्यांना सांगितलं की तिसरं पाऊल जवळजवळ सगळं त्यांचं होतं. ते खरं होतं.